सतरावर खूण

नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत,
तिथून खाली,
छातीचं हाड जिथं संपतं ती जागा आणि बेंबी,
या दोहोंच्या मधोमध.
सतरा सेंटिमीटर.
नळीवर शाईची खूण करते.
पुन्हा मोजते. सतराच.

वजन एक हजार चाळीस ग्रॅम.
किलोभर साखर तोलून झाल्यावर
वाणी वरून मूठभर टाकतो,
त्या मुठीसकट.

नाव अजून ठेवलेलं नाही.
पाटीवर नुसतं 'बेबी ऑफ शम्सा'.
बाप हमूद, पहाटे मासळीचा लिलाव उरकून येतो,
कोपरापर्यंत हात धुतो, तरी सुरमईचा वास राहतोच.
त्याला वाटतं मला त्रास होत असेल.
माझं गाव हर्णै, हे त्याला कुठल्या अरबीत सांगू?

रात्रीचे अडीच. सोहारच्या खिडकीला
बाहेरून घाम फुटलाय.
नळीचं टोक पाण्यात बुडवते, मान किंचित पुढे,
आणि सरकवत जाते,
त्याच्या घोटाची वाट बघत.
घशाशी दोन दारं आहेत, अगदी शेजारी शेजारी.
एक दुधाचं, एक श्वासाचं.
चुकीच्या दारावर कडी नसते.

रत्नागिरीला पाटणकर सिस्टरांनी शिकवलेलं:
सिरिंजनं थोडी हवा सोड, पोटावर स्टेथोस्कोप ठेव,
गुडगुड ऐकू आली की झालं.
अकरा वर्षं मी ती गुडगुड ऐकली.
माझा कान म्हणजे कान, असं मीच सांगायचे.

मागच्या रमजानात, पाच नंबरच्या पाळण्याशी,
गुडगुड आली. स्वच्छ.
दूध जोडणार,
तर मारिवीक म्हणाली, पट्टी?
कागदाची एवढीशी पट्टी. मी चिडलेच.
तरी नळीतून थेंबभर ओढलं, पट्टीवर टाकलं.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो,
तेव्हा डाग खोटं बोलत नसतो.
ही पट्टी आंबटाशी पिवळी राहते.
त्या रात्री ती हिरवी झाली
आणि हिरवीच राहिली.

एक्स-रेत नळी छातीच्या मधून खाली आलीच नव्हती.
उजवीकडे वळलेली, फुफ्फुसात,
पांढरी, बारीक, आत्मविश्वासानं.
हवा तिथंही बोलते.
आणि आवाज पोटापर्यंत पोहोचतो,
शेजारच्या घरातलं भांडण
आपल्याच स्वयंपाकघरात ऐकू यावं तसा.

दूध गेलं नव्हतं. बाळाला काही झालं नाही.
मी नळी काढली, फॉर्म भरला,
लॉकरशी जाऊन बसले.
मारिवीकनं चहा आणून ठेवला, बोलली नाही.
अकरा वर्षांतल्या सगळ्या गुडगुडी
एकेक करून मोजायला गेले.
कुठून मोजणार?

आज थेंब आंबट आहे. पट्टी पिवळी.
नाकाशी आकडा सतरा, गालावर चिकटपट्टी.
शम्सा व्हीलचेअरवरून आलीय,
मुठीत सिरिंज, तळाशी पिवळसर दीड मिली,
तेवढं काढायला तिला पाऊण तास लागला.
मी दट्ट्या काढून टाकते.
ढकलायचं नसतं. सिरिंज उंच धरायची,
दूध आपल्या वजनानं उतरतं.
आमच्याकडं बोंडल्यानं पाजायचे,
तिथंही घाई केली की ठसका.

तिचं बोट काचेच्या भोकातून आत,
त्याच्या तळव्यावर.
'श्वय श्वय,' ती म्हणते,
मला, बाळाला की दुधाला, कळत नाही.
हळूहळू, मी म्हणते.
तिच्या भाषेतही तो शब्द दोनदाच म्हणतात.

तीन तासांनी पुन्हा पाजायचं.
त्याआधी पुन्हा आकडा, पुन्हा थेंब, पुन्हा पट्टी.
मधल्या वेळात नळी हलली नसेल
असं मला वाटतं.
वाटण्याचा रकाना
फॉर्मवर नाही.