सातांपैकी पाच

शारजाच्या विद्यापीठात तळमजल्यावर
आमची एक खोली आहे, स्वतःकडे लक्ष देणारी.
छतात, दारात, टेबलाखाली मिळून सात सेन्सर.
मुख्य असा कुणी नाही. सातही एकमेकांना विचारतात
आणि बहुमताने ठरवतात
आत माणूस आहे की नाही.
आहे, तर एसी बावीसवर.
नाही, तर बत्तीस, दिवे बंद, वीज वाचली.
पाचामुखी परमेश्वर, असं मी डॉ. हुदांना समजावून सांगितलं
तेव्हा त्यांनी ते अरबीत करून फळ्यावर लिहिलं.
अजून पुसलेलं नाही.

जुलैत लॉगमध्ये भांडण दिसू लागलं.
दुपारी साडेबारानंतर
पाच म्हणत, खोली रिकामी.
दोन म्हणत, नाही.
खालचे दोन: एक टेबलाखालचा,
एक मागच्या दाराशी, जमिनीपासून वीतभर.
मी बॅटऱ्या बदलल्या. धूळ पुसली,
इथली धूळ मैद्यासारखी, कुठेही शिरते.
दोघे आपल्या मतावर ठाम.

मग एका मंगळवारी मी जेवायला गेलेच नाही.

पोचय्या होता. खजुरांना पाणी देणारा.
पाण्याचा व्हॉल्व्ह आमच्या दाराआड,
म्हणून किल्ली त्याच्याकडे.
बाहेर शेहेचाळीस. उन्हाची सुट्टी कायद्याने मिळते,
सावली ज्याची त्याने शोधायची.
सर्व्हरच्या रॅकमागे पुठ्ठा, उशाला बूट,
आणि इतका निश्चल
की पाच यंत्रांच्या हिशेबी तो नव्हताच.
नव्हता, म्हणून बत्तीस.
सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे काठ.

दचकून उठला. "पोतानम्मा," जातो म्हणाला.
मी देगलूरची,
आमच्या बाजारात निम्मे भाव तेलुगूतच ठरतात.
"पडुको," मी म्हटलं. झोप.

दुरुस्ती अवघड नव्हती.
खालच्या दोघांच्या मताला वजन द्यायचं, चार ओळींचं काम.
खोली त्याला ओळखेल, गार होईल,
आणि ओळखलं की नोंदवेल:
वेळ, जागा, माणूस एक, परवानगी नाही.
ती नोंद रात्री आपोआप सुरक्षा विभागाकडे जाते.
तो भागही मीच लिहिलेला, मागच्या हिवाळ्यात, कौतुकाने.

आठवडाभर त्या चार ओळी लिहिल्या नि खोडल्या.

शेवटी प्रयोगाच्या वेळापत्रकात एक रांग वाढवली.
डमी क्रमांक तीन. मानवाकृती, आडवी.
तापमान सदतीस. हालचाल श्वासापुरती.
साडेबारा ते तीन एसी चालू ठेवावा, नोंद पाठवू नये.
डॉ. हुदांनी चष्म्यावरून पाहिलं.
"कुठून मागवली?"
"जगित्यालहून."
सही केली. पावती मागितली नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर उन्हाची सुट्टी संपली,
डमी यायची थांबली.
आलेख मात्र देखणा आला. पेपर पाठवला.

परवा परीक्षकाचा शेरा आला,
ना नाव, ना देश.
निष्कर्ष पटण्याजोगे. दोन शंका.
तक्ता चारमध्ये डमी तीन शुक्रवारी कधीच नाही, का?
आणि नऊ ऑगस्टला
बावीस मिनिटं तिचा श्वास तुटक तुटक आहे,
मध्येच अडतो, मग एकदम सुटतो.
उपकरणात बिघाड होता काय?

शुक्रवारचं उत्तर लिहून झालं.
नऊ ऑगस्टला मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते.
आकडे माझ्याच पडद्यावर पडून होते सहा आठवडे,
मी त्यांची सरासरी काढली.

मागच्या दाराच्या काचेतून दिसतोय तो,
तिसऱ्या खजुराच्या आळ्यात नळी सोडून उभा.
विचारायचं कसं, तेलुगूत मला भाव करता येतो,
एवढंच.

तरी उठले. दार ओढून घेतलं.
मागे खोलीने लगेच मतदान केलं असणार:
रिकामी. सातांपैकी सात.