गोल लझान्या

शरयूआत्यानं लझान्या पहिल्यांदा खाल्ला
तो मिस लोबोंच्या डब्यातला, गार, रात्री अडीच वाजता.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोघींची रातपाळी एकच.
ट्रंक कॉलला नागपूर लागत नव्हतं,
तेवढ्यात चार घास झाले.
सकाळी सायकल हातात धरून
ती कॅम्पातून नव्या पेठेपर्यंत चालत आली.
"पॅडल मारलं असतं तर चव विसरले असते,"
असं अजून सांगते, दर वेळी तितक्याच गांभीर्यानं.

कृती ऑफिसच्या कोऱ्या फॉर्ममागे लिहिलेली.
खिमा खोडला, लाल भोपळा लिहिला.
अंडं खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.
तिथं कागद पातळ झालाय, बोट फिरवलं की कळतं.

मैदा आणि बारीक रवा, निम्मानिम्म.
पीठ पुरीपेक्षा घट्ट, ओल्या फडक्याखाली तासभर,
आणि त्या तासात फडकं उचलून बघायचं नाही.
मग लाटायचं, पोळपाटाची चीर खालून दिसेपर्यंत.
उकळत्या पाण्यात पोहणाऱ्या पट्ट्या पाहून बाबा म्हणाले,
"म्हणजे चकोल्याच की."
"चकोल्यांना थर असतात का?"
"पोटात गेल्यावर पडतात."
बहीणभावात दोन दिवस अबोला.

टोमॅटो मंडईतले, मऊ पडलेले, संध्याकाळच्या भावातले.
कांदा, गाजर, किसलेला भोपळा,
सगळं आळेस्तोवर ढवळायचं. ढवळणाऱ्यानं गप्पा मारायच्या नाहीत.
लोण्यावर मैदा परतून दूध धारेनं.
गुठळी झाली तर गाळून घ्यावं, कुणाला सांगू नये.
जायफळ श्रीखंडाच्या निम्मं.
चीज दिसेल इतकंच. महाग आहे.

ओव्हन तुळशीबागेतला, अ‍ॅल्युमिनियमचा, गोल,
झाकणाला काचेची इवलीशी खिडकी.
म्हणून आमचा लझान्या गोल.
मी कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं
तिकडे इटलीतही गोलच असतो.

एकदा गुरुवारी तिनं घाट घातला.
गुरुवारी वीज जाते हे अख्ख्या पुण्याला माहीत,
पण मिस लोबोंची रजा गुरुवारचीच,
आणि त्या येऊन बसल्या होत्या, फुलाफुलांच्या झग्यात,
माजघरात, सगळे जरा जास्तच हळू बोलत होते.
अर्ध्यावर खिडकीतला उजेड गेला.
आत्यानं एक शब्द न बोलता
शेजारच्या बांधकामावरून पातेलंभर वाळू आणली,
गॅसवर तवा, तव्यात वाळू, वाळूवर भांडं, वर परात.
पन्नास मिनिटं कुणी उठलं नाही.
बुडाला चांगलाच लागला होता.
मिस लोबोंनी ती खरवड सुरीनं सुटी केली
आणि बाबांच्या ताटात वाढली.
बाबांनी पुन्हा मागितली.
चकोल्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता मी बावधनला. पट्ट्या पाकिटातल्या,
भांडं काचेचं, चौकोनी.
मुलं कोपऱ्यांसाठी भांडतात,
कडक, करपट, दोन बाजूंनी चीज धरलेले कोपरे.
चार कोपरे, दोन मुलं, तरी भांडतात.

रविवारी थोडा सहकारनगरला नेला.
आत्याला आताशा नीट दिसत नाही.
तिनं चमचा कडेकडेनं फिरवला,
वळणाच्या जागी तो अडला.
"हे काय?"
"कोपरा."
"अगंबाई."
मग थर मोजले, जिभेनं. "पाचच? मी सात घालायचे."
सात कधीच नव्हते. भोपळा पुरायचा नाही.
मी काही बोलले नाही, खाली सांडलेलं पुसलं.

"लोबोला फोन लाव," म्हणाली,
"सांग, चौकोनीसुद्धा बरा होतो."
आणि नंबर सांगितला, न अडखळता,
एकेक आकडा सुटा, समोरच्यानं लिहून घ्यावा तसा.
पाच आकडी.
मी मोबाइल हातात घेतला
आणि ती ऐकू लागली.