खुणेचा हातोडा

आमच्या डोंगरात झाड पाडायचं ठरलं
की बुंध्यावरची साल तळहाताएवढी सोलतात
आणि उघड्या लाकडावर हातोडा उमटवतात.
हातोड्याच्या तोंडावर आकडा आहे : एकतीस.
आधी तो वडिलांचा होता, विन्कोचा.
गुडघे गेल्यावर माझा झाला.

त्यांनी शिकवलं ते एवढंच :
मान मागं टाकून शेंड्यापर्यंत बघ.
सरळ, गुळगुळीत, अर्ध्या उंचीपर्यंत फांदी नाही,
त्याच्या शेजारचं काढ, त्याला ऊन दे.
वाकडं, दुबेळकं, गाठाळ : खूण.
"आईबाप धड तर पोरं धड," असं म्हणताना
ते माझ्याकडे बघत नसत.

दर दहा वर्षांनी एक फेरी.
चौथ्या फेरीनंतर उतार असा दिसायला लागला
की पाहुण्या साहेबांना मुद्दाम तिथं नेत.
बीचची झाडं, कवायतीला उभ्या पोरांसारखी,
एका मापाची, एका दिवशी पालवणारी.

फक्त अस्वलखळग्याच्या काठावर
एक पिळवटलेलं खोड राहिलं होतं.
जमिनीलगत वळून मग वर गेलेलं, बाकासारखं.
वडील दुपारी त्यावर बसून पावाला चरबी लावत.
बसायच्या जागेवर कोण खूण करतं?
ते झाड पालवायचंही सगळ्यांच्या मागून,
कधी दोन आठवडे, कधी तीन.
आम्ही त्याला आळशी म्हणायचो.

मग ती एप्रिलअखेरची रात्र.
थंडी खळग्यात पाण्यासारखी साठली
आणि काठ ओलांडून उतारावर चढली.
सकाळी सगळी कोवळी पानं तपकिरी,
चहाच्या चोथ्यासारखी,
सगळ्या झाडांवर, एकसारखी.
आळशाच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या.

त्याच वर्षी ल्युब्ल्यानाहून तिन्कारा आली,
लांब दांड्याची कात्री आणि कागदी पिशव्या घेऊन.
पोरट्या रोपांची पानं नेली, म्हाताऱ्यांच्या कळ्या नेल्या.
हिवाळ्यात परत आली तेव्हा
आमच्या स्वयंपाकघरात तिनं कागद पसरला.
"या उतारावरची रोपं," ती म्हणाली,
"तपासली चारशे. बाप निघाले नऊ.
घरातल्या घरात सोयरिकी चालल्यात.
बाकीचे बाप कुठं गेले?"
हातोडा दारामागं खुंटीला होता.
मी चहा गाळत राहिले.

मग विचारलं, काही पाडूच नये का?
नाही म्हणाली. दाट सावलीत बी रुजत नाही,
मग आहेत तेच म्हातारे होतात.
पाडा. पण भरघोस फळाचं वर्ष येऊ द्या,
सगळ्यांचं बी पडू द्या, मग पाडा.
आणि एकाच चेहऱ्यावर जीव जडवू नका.

सांगायला काय जातं.
आज काठावर उभी आहे, समोर एक दुबेळकं झाड.
कशाला उपयोगी पडेल ते? दुष्काळाला? किड्याला?
की कशालाच नाही, नुसतंच दुबेळकं?
सालीवर तसं काही लिहिलेलं नसतं.
हातोडा हातात जड होत जातो.
मी पुढं जाते. परत येते.
अखेर शेजारच्या सरळ, सुंदर झाडावर
आकडा उमटवते, आणि बोटं
बराच वेळ लाकडावरच ठेवते.

रविवारी वृद्धाश्रमात वडील विचारतात,
"येरित्सा, वाकडी काढलीस ना सगळी?"
मी म्हणते, तुमची बसायची जागा ठेवलीय.
शेजारी आणखी एक ठेवलीय.
ऐकू आलं की नाही कोण जाणे.
ते म्हणाले, पाव आण, चरबी लावलेला.