पाच मिनिटं पुढं

पतसंस्थेनं काढून टाकलेले अकरा संगणक
टेम्पोतून उतरवले मी आणि दहावी ‘ब’च्या चार पोरांनी.
मांडले तिथं, जिथं आधी
फॉर्मॅलिनमधला बेडूक होता
आणि तडा गेलेला बेलजार.
एका डब्यावर अजून चिकटून होतं :
‘ठेव विभाग, खिडकी ३.’

मग बैठक.
सांगलीचा विक्रेता, खिशाला दोन पेनं,
विंडोजच्या परवान्याचा दर सांगताना
असा आवाज खाली आणला
जसं आत कुणीतरी आजारी आहे.
अकरा परवाने. मी मनात मांडलं :
दोन वर्षांचं आम्ल, लिटमस, सात ब्युरेट.
चौगुले बाई म्हणाल्या, सर, लिनक्स घ्या. फुकट आहे,
मराठीत आहे, आत काय लिहिलंय तेही उघडून बघता येतं.
विक्रेता हसला. पलूसमध्ये कोण बघणार, मॅडम?
आणि हेडसर :
फुकट म्हटलं की मला धास्ती वाटते.
ऑडिटला पावती काय दाखवू?

त्याच आठवड्यात नववीचा प्रयोग होता.
नॅप्थलीन वितळवायचं, निवू द्यायचं,
दर अर्ध्या मिनिटाला एक आकडा.
सगळ्या इमारतीला डांबरगोळ्यांचा वास.
ऐंशीला येऊन पारा थांबतो.
थांबतोच.
पोरं म्हणतात, मामा, थर्मामीटर बिघडला.
बिघडला नाही रे.
आत गोठणं चाललंय,
तेवढा वेळ वरून काही दिसत नाही.

हेडसरांची खोली अशीच
ऐंशीवर, तीन आठवडे.

तोवर बाईंनी दोन डब्यांवर दोन्ही चढवून पाहिलं.
लिनक्सवर ‘फाइल’च्या जागी ‘धारिका’ आलं,
तर मागून कुणीतरी : धारिका कोण, नववी ‘अ’मधली?
वर्ग पाच मिनिटं आवरला नाही.
दुसऱ्या डब्यात झेरॉक्सवाल्याचा पेनड्राइव्ह गेला
आणि निवण्याचे सगळे आकडे
एका रात्रीत गायब.
कोष्ट्यांच्या ऋजुतानं वहीत उतरवले होते म्हणून वाचले,
निळ्या शाईत, एका जागी नॅप्थलीनचा डाग.
बाई जिंकल्या असं वाटलं तोच
अनुदानातून आलेल्या पीएच मीटरनं
लिनक्सला ओळखच दाखवली नाही.
बाई रात्री साडेआठपर्यंत बसल्या.
मी किल्ल्या घेऊन दारात.
एकदा त्या म्हणाल्या, मुलाणी, तुम्ही जा.
कसा जाणार?

शेवटी ठरलं : दहा एकीकडे, एक दुसरीकडे.
खिडकी ३ जुन्या विंडोजवरच राहील,
मीटरपुरती, पेनड्राइव्ह लावायचा नाही.
कागदावर सह्या होताना
हेडसर एकदम माझ्याकडं वळले,
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा :
मुलाणी, तुमचं काय मत?

माझ्या हातात चहाचा ट्रे.
म्हटलं, सर, सेल बदलावे लागतील.
कुठले सेल?
आतले. बटणासारखे. मेलेत सगळे.
वीज गेली की प्रत्येक डबा सांगतो,
आज एक जानेवारी दोन हजार दोन.
अशानं आकडे कुठल्या दिवसाचे समजायचे?
विक्रेत्यानं तेवढ्यात पेन खिशात घातलं.

स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडून
अकरा सेल आणले, तीस रुपयाला एक.
पावती घेतली.
हेडसरांनी ती दोनदा वाचली,
फायलीला लावली, वरून हात फिरवला.

मग पोरं रांगेनं बसली, प्रत्येक पडद्यावर
तोच प्रश्न, दहांवर मराठीत, एकावर इंग्रजीत :
किती वाजले?
सगळ्यांनी माना वर करून भिंतीकडं पाहिलं.
ते घड्याळ मीच पाच मिनिटं पुढं ठेवतो,
बुर्लीच्या एस.टी.नं येणाऱ्यांसाठी.

सांगावं का, असं वाटलं.
अकरा ठिकाणी एकदम
टकटक सुरू झाली होती.