मागच्या सीटखालची जाळी

पलासियाच्या सिग्नलला गाडी गप्प होते.
पहिल्या महिन्यात दर वेळी वाटायचं, पडली बंद;
मागून हॉर्न, मी घामाघूम,
आणि वैजू शेजारी हसत : अहो, बॅटरीवर आहे ती.

आता सवय झालीय.
मोटर कुठे थांबली, इंजिन कुठे जागं झालं, कळत नाही,
जसं आम्हा इंदूरकरांना कळत नाही
मराठीत सुरू केलेलं वाक्य
हिंदीत कुठे शिरलं ते.

एक टायर फुटला तेव्हा किंमत ऐकून
मी दुकानातच पाणी मागितलं.
चुलतभाऊ म्हणतो, हत्ती बांधलायस दारी.

परवा दिवा लागला. बॅटरी तापतेय.
देवास नाक्याच्या वर्कशॉपात तौसीफनं
मागची सीट उचलली, जाळी काढली,
उजेडात धरून विचारलं,
"साहब, कुत्ता है क्या घर में?"

है की था,
पटकन जमेना मला.

जाळीवर तांबूस केसांचं जाड अस्तर.
गुंड्याला जाऊन सव्वा वर्ष झालं.
शेवटी शेवटी उचलूनच चढवायचो त्याला,
इतकी उंच गाडी,
आणि तो खिडकीशी न बसता
थंड वारा ओढणाऱ्या त्या झरोक्यालाच पाठ लावायचा.

तौसीफनं हवेचा पाइप हातात घेतला.
मी म्हटलं, रुको.

बिलात ओळ आहे : जाळी सफाई, साडेचारशे.
पुढच्या खणात, पीयूसीच्या जुन्या कागदात
पुडी आहे एक.
वैजूला अजून सांगितलं नाहीये.