दोरीच्या पलीकडे

पहाटेच्या फेरीला इनास पोदेर असतो,
सायकलच्या टोपलीत निळ्या प्लॅस्टिकखाली गरम पाव.
तो विचारतो, "आयलें?"
मी मान हलवतो.
मग तो भोंपू वाजवतो मांडवीच्या मधोमध,
जिथे पाव घ्यायला कुणीच नसते.

गौतमीचा नंबर सत्तावीस.
पुण्याच्या संस्थेतल्या तीसही जागा भरल्या,
आता सव्वीस जण उभे आणि त्यांच्या मागे माझी मुलगी.
मंगळवारी ती एकतीस होती.
मधले चौघे कुठे गेले, त्यांचे बरे झाले की वाईट,
आम्ही विचारले नाही.
त्या रात्री घरात सुंगटांची कढी झाली.

बावीस वर्षे मी रायबंदर-चोडण करतो.
गाड्या आत घेणे माझे काम.
"फाटीं, आनीक मातशें फाटीं,"
आणि शेवटी दोरी ओढायची.
पलीकडे राहिला तो राहिला.
त्याचा चेहरा मी बघत नाही,
बघतो ते लोखंड: किती मोकळे उरले.
म्हातारा असो, नवी बुलेट असो, आजारी मूल असो
(आजारी मूल असले तर बघतो).

हेच तिला सांगायचे होते,
की तिथेही कुणी असेल माझ्यासारखा,
दुपारची पेज जेवून बसलेला,
तुझ्याकडे नव्हे, लोखंडाकडे बघणारा.
पण तिने फोन ताटाशेजारी उपडा ठेवला
आणि मी एवढेच म्हटले, लोणचे घे.

शेजारच्या कोसेसांवबायने मेणबत्ती लावली.
आम्ही देवळात कौल लावला.
उजवी पाकळी पडली,
तर भटजी म्हणाले, प्रश्न नीट विचारलात ना?
बायको म्हणाली विचारला.
वाटेत मला म्हणाली, नीट म्हणजे कसा?

गौतमी कुणालाच काही विचारत नाही.
एकटी जाऊन खांडोळ्याच्या कॉलेजात पैसे भरून आली.
पावती तिने वीजबिलांच्या गठ्ठ्यात लपवली होती,
मधोमध, गेल्या दिवाळीच्या बिलाखाली.
मला सापडली.
मी ती परत तशीच ठेवली,
घडीसुद्धा तिच्याच बाजूने.

शुक्रवारी पाच वाजता यादी हलते,
किंवा हलत नाही.
पावणेपाचच्या फेरीला मी दोरी ओढली
आणि पलीकडे एक पोरगा राहिला,
स्कूटरवर, काखेत फाइल,
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लोंबणारा.
का कोण जाणे, मी बघितले.
मागच्या दोघांना म्हटले, वीतभर सरका.
एकाने आय काढली. सरकला.
पोरगा आत आला, आरसा दुमडून, श्वास धरून.

वीतभर जागा होती.
रोज असते का?
बावीस वर्षांचा हिशोब
आता करायची माझी छाती नाही.

भरतीचे पाणी होते,
फेरी तिरकी जात होती, कांदळांच्या मुळांपर्यंत नदी चढलेली.
खिशात काहीतरी थरथरले.
फोन असेल, किंवा इंजिन असेल,
फेरीवर सगळेच थरथरते.
माझ्या दोन्ही हातांत दोरी होती.
रायबंदरचा धक्का
अजून बराच लांब होता.