लोकरीची प्रत

तीन गाठी, डॉक्टर म्हणाली. कमरेच्या पोकळीत,
डावीकडे दोन, उजवीकडे एक.
पडद्यावर त्या हरभऱ्याएवढ्या दिसत होत्या.
कापायचं नाही. किरणं द्यायची,
आणि दोन वर्षं पोटात इंजेक्शन,
म्हणजे शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बंद.

ड्यूगल्ड हसला.
चाळीस वर्षं कोकरांचं तेच करत आलाय तो:
रबराची इवलीशी कडी, चिमट्याने ताणून, टप्.
एका सकाळी सहाशे.
"मला कडी नको हं," तो म्हणाला.
डॉक्टर शहरातली, तिला कळलं नाही.
मला कळलं,
आणि मी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत बसले.

सोमवारी पहाटे गोरहून निघायचं, डनीडिन दोन तास.
शुक्रवारी परत.
मधल्या रात्री इस्पितळामागच्या वसतिगृहात,
जिथे फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर कुणाचंतरी आडनाव चिकटवलेलं.
सदतीस वेळा.
आधी तीन ग्लास पाणी, मग लघवी धरून ठेवायची,
मूत्राशय फुगलं की आतडं बाजूला सरतं.
बाकावर पाच-सहा म्हातारे गुडघे आवळून बसतात,
लोकरीच्या पडलेल्या भावांबद्दल बोलतात,
कुणी हसवू नका म्हणतात.
मशीन बंद पडलं त्या दिवशी
एका निवृत्त मास्तरांना धरवलं नाही.
ड्यूगल्डने गाडीतली जादा पँट आणून दिली.
त्याबद्दल दोघंही पुन्हा काही बोलले नाहीत.

मेरेआनाने त्याच्या कातडीवर तीन ठिपके गोंदले, तिळाएवढे.
तिच्या हनुवटीवर तिच्या आजीच्या घराण्याचं गोंदण आहे.
"तुमचं लहान आहे," ती म्हणाली, "पण आहे."

जुलै. अंगणातल्या नळाला बर्फ धरलाय
आणि हा पांघरूण लाथाडतो, घामाने निथळत.
मला हे सगळं पाठ आहे.
अकरा वर्षांपूर्वी मी अशीच जळत होते
तेव्हा तू शेडमध्ये जाऊन झोपायचास, मी सांगते.
तो अंधारात म्हणतो, "चुकलंच."
एवढ्या उशिरा का होईना.

खचणं आणि खच्ची
हे शब्द शेजारी राहतात.
नातेवाईक नाहीत,
असं मी स्वतःला बजावते.

मी लोकर पारखणारी.
आमची गाठ पडली ती माझ्याच टेबलापाशी,
त्याने फेकलेली अख्खी लोकर हवेत उघडली
आणि अलगद बसली, एकही कोपरा न दुमडता.
गाठ हा शब्द तेव्हा किती हलका होता.

मेंढी आजारी पडली की त्या आठवड्याची लोकर कच्ची राहते.
दिसत नाही. बट दोन्ही हातांत ताणायची,
कानाशी धरून टिचकी मारायची.
कच्ची असेल तर बरोबर तिथेच तुटते.
धड असेल तर तारेसारखी वाजते.

आता त्याच्या दंडावरचे केस विरळ झालेत, मऊ,
छातीवर तर जवळजवळ कोकराची लव.
प्रत सुधारली, मी म्हणते, बाजारात भाव येईल.
डोक्यावरची एक बट धरून मी कान जवळ नेते, ओढते.
"अगं ए!"
"वाजते आहे," मी म्हणते.

रक्ताचा आकडा बुधवारी कळेल.
आज रविवार.
कुत्री दारात बसलीय, तिला गाडीची किल्ली ऐकू आली.